स्वस्त व्हिस्की: बाटलीत नेमकं काय असतं आणि दोन ब्रँडची तुलना कशी करायची?

वाइन शॉपच्या काउंटरवर (आपल्याकडे या दुकानात वाइन सोडून बाकी सगळंच जास्त खपतं, तरी नाव वाइन शॉप!) कुणी नुसती 'व्हिस्की द्या' म्हटलं, तर दुकानदार फळीवरून जी बाटली काढेल तिच्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही एक असू शकते. तिन्हींचा रंग सोनेरी. तिन्हींवर शब्द एकच, 'व्हिस्की'. पण एक उसाच्या मळीपासून आलेली असू शकते, दुसरी धान्यापासून, आणि तिसरी स्कॉटलंडहून टँकमध्ये भरून आणून इथे बाटलीबंद केलेली.

म्हणूनच "कमी पैशात चांगली व्हिस्की कोणती?" या प्रश्नावर मित्रमंडळींत रात्रभर वाद होतो आणि निकाल लागत नाही. जो तो वेगळ्याच वस्तूबद्दल बोलत असतो. आधी बाटलीत काय आहे ते वाचायचं आणि मगच चव घेऊन तुलना करायची, हा क्रम पाळला तर पैसे कशासाठी दिले हे तरी कळतं.

मळी, धान्य आणि माल्ट

व्हिस्की म्हणजे मुळात धान्याची दारू. जव म्हणजे बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, वाळवायची, की झालं 'माल्ट'. ते भरडून, गरम पाण्यात त्यातली साखर उतरवून आंबवायचं, भट्टीत त्याचं ऊर्ध्वपातन करायचं आणि मिळालेला अर्क ओक लाकडाच्या पिंपात मुरवत ठेवायचा. युरोपियन संघात व्हिस्की हे नाव लावायचं असेल तर दारू धान्याचीच हवी, लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी आणि तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. स्कॉचला त्यावर आणखी अट : हे सगळं स्कॉटलंडमध्ये आणि ओकच्याच पिंपात झालं पाहिजे.

भारतातले नियम यापेक्षा बरेच सैल आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यासाठीचे नियम २०१८ साली आले आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यांत सिंगल माल्ट वगैरे प्रकारांच्या व्याख्या आहेत. पण साध्या 'व्हिस्की'साठी न्यूट्रल स्पिरिट वापरायची मुभा आहे.

हे न्यूट्रल स्पिरिट म्हणजे काय? साखर कारखान्यात रसातून साखर काढून झाली की काळा, दाट पाक उरतो. तो म्हणजे मोलॅसिस, आपली मळी. ती आंबवून उंच स्तंभात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की जवळजवळ ९६ टक्के शुद्ध अल्कोहोल मिळतं. व्यवसायात त्याला 'ईएनए' म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. इतक्या शुद्धीकरणानंतर त्यात उसाचाही वास उरत नाही आणि कसलाच स्वाद राहत नाही. मग त्यात पाणी, कॅरॅमलचा रंग, थोडा माल्टचा अर्क किंवा स्वादासाठीचा इसेन्स घातला की 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' तयार. उसापासून निघालेली ही दारू जातीने रमच्या जवळची आहे. युरोपात ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

साखर आणि व्हिस्कीचं हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. राज्यातल्या कितीतरी साखर कारखान्यांच्या आवारात डिस्टिलरीची चिमणी दिसते. श्रीरामपूरजवळची टिळकनगर इंडस्ट्रीज १९३३ साली महाराष्ट्र शुगर मिल्स म्हणून सुरू झाली, पुढे ब्रँडीसाठी ओळखली जाऊ लागली, आणि जुलै २०२५ मध्ये तिने 'इम्पीरियल ब्लू' हा देशभर खपणारा व्हिस्कीचा ब्रँड विकत घेण्याचा करार जाहीर केला.

दुसरा गट धान्याच्या स्पिरिटचा. १९९५ साली आलेल्या 'रॉयल स्टॅग'ने धान्याचं स्पिरिट आणि आयात केलेले स्कॉच माल्ट यांचं मिश्रण ही कल्पना मोठ्या बाजारात रुजवली. आज मधल्या किमतीच्या बऱ्याच बाटल्यांवर अशाच अर्थाचा मजकूर असतो. इथे एक मेख आहे. 'स्कॉच माल्टसह' असं लिहिलेलं असतं, पण स्कॉच किती टक्के हे सहसा लिहिलेलं नसतं. शिवाय धान्याचं स्पिरिटही जर ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं आणि न मुरवलेलं असेल, तर मळीच्या स्पिरिटपेक्षा ते जिभेला फार वेगळं लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. फरक पडतो तो त्यात घातलेल्या माल्टमुळे.

तिसरा गट म्हणजे भारतात बाटलीबंद होणारी ब्लेंडेड स्कॉच. टीचर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक डॉग ही त्यातली ओळखीची नावं. दुकानदार हिला 'बीआयआय' म्हणतात, म्हणजे 'बॉटल्ड इन इंडिया'. ही नकली किंवा कमअस्सल स्कॉच आहे असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. स्कॉटलंडमध्ये नियमानुसार मुरलेली दारू जास्त तीव्रतेची असतानाच मोठ्या टाक्यांतून आणतात, इथे पाणी घालून तीव्रता उतरवतात आणि बाटलीत भरतात. सिंगल माल्ट स्कॉचला हे चालत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरपासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते. त्यामुळे इथे भरलेली स्कॉच म्हणजे मिश्र स्कॉच हे धरून चालावं.

आपल्या हवेत मुरवणं महाग का पडतं?

भारतीय कंपन्या सगळीच दारू पिंपात का मुरवत नाहीत? याचं एक मोठं कारण हवामान आहे. ओकच्या पिंपातून दारू हळूहळू उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण वर्षाला साधारण २ टक्के असतं, तर बंगळुरूसारख्या ठिकाणी १० टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून जास्त जातं. हिशोब करून बघा. १०० लिटर दारू ८ वर्षं ठेवली, तर तिकडे सुमारे ८५ लिटर उरेल आणि इकडे ४३ लिटर. उरलेल्या ४३ लिटरनी १०० लिटरचा खर्च भरून काढायचा. स्वस्त बाटलीत हे बसणारच नाही.

उष्णतेचा फायदाही आहे म्हणा. लाकडाचा गुण दारूत लवकर उतरतो. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाच्या 'अमृत'ने २००४ साली ग्लासगोत आपली सिंगल माल्ट बाजारात आणली आणि त्यानंतर गोव्याच्या 'पॉल जॉन'ने २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पाऊल ठेवलं, ते याच बळावर. पण या बाटल्या आजच्या आपल्या खिशाच्या विषयाबाहेरच्या.

किमतीतला चवीचा वाटा किती?

कमी. महाराष्ट्रात तर फारच कमी. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला (प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्च जाहीर केलेल्या मद्यासाठी). त्याच वेळी धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाच्या नव्या वर्गाला मान्यता मिळाली. १८० मिलीच्या बाटलीच्या, म्हणजे आपल्या क्वार्टरच्या, तेव्हा जाहीर झालेल्या किमान किमती अशा होत्या : देशी मद्य ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ आणि प्रीमियम विदेशी मद्य ३६० रुपये.

म्हणजे ग्राहक देतो त्या रकमेचा मोठा हिस्सा बाटलीतल्या द्रवासाठी नसतोच. स्कॉचच्या बाबतीत यावर आयात शुल्काची भर पडते. भारतात ते १५० टक्के होतं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. टाकीतून आणलेल्या दारूचं आयातीच्या वेळचं मूल्य कमी, म्हणून तिच्यावरचं शुल्कही कमी, आणि म्हणून इथे भरलेली स्कॉच तिकडून भरून आलेल्या स्कॉचपेक्षा स्वस्त पडते. दुप्पट किंमत म्हणजे दुप्पट चांगली चव हा हिशोब त्यामुळे कुठेच जुळत नाही.

गोव्यात तीच बाटली स्वस्त मिळते तीही करामुळे. मात्र परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथकं सीमेवर नेमकी याचसाठी उभी असतात.

लेबल कसं वाचायचं?

पुढच्या बाजूची हरणं, घोडे आणि सोनेरी अक्षरं सोडून द्या, बाटली फिरवा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. नुसतं 'न्यूट्रल स्पिरिट' आहे की 'ग्रेन स्पिरिट'? माल्टचा उल्लेख आहे का? 'ॲडेड फ्लेवर' म्हणजे वरून स्वाद घातलाय का? कॅरॅमल रंगाचा उल्लेख दिसला तर मात्र बिचकू नका. तो स्कॉचमध्येही कायदेशीर आहे आणि सर्रास वापरतात. त्यातून कळायचं ते एवढंच, की गडद रंग म्हणजे जुनी दारू असं नसतं.

वयाचा आकडा असेल, उदाहरणार्थ १२ वर्षं, तर स्कॉचमध्ये तो मिश्रणातल्या सर्वांत तरुण दारूचा असतो. आकडा नसेल तर स्कॉचला किमान ३ वर्षांची हमी आहे. भारतीय व्हिस्कीला ती नाही.

आपल्या बाटल्यांवर दिसणारा ४२.८ हा विचित्र आकडा जुन्या ब्रिटिश 'प्रूफ' पद्धतीतून आलाय. त्या पद्धतीत ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे १०० प्रूफ. त्याचे पाऊण म्हणजे ७५ प्रूफ, अर्थात ४२.८ टक्के. इंग्रज गेले, आकडा राहिला. तुलना करताना तो बघावा, कारण ४० टक्क्यांची बाटली आणि ४२.८ टक्क्यांची बाटली शेजारी ठेवली तर दुसरी नुसत्या तीव्रतेमुळेही जास्त भरीव वाटू शकते.

चव घेण्याची रीत

सोडा, भरपूर बर्फ आणि तिखट चखणा असेल तर कोणत्याही दोन व्हिस्की जवळजवळ सारख्याच लागतात. थंडीने वास दबतो, आणि चवीचा मोठा भाग वासाचाच असतो. प्यायला तसं काही वाईट नाही, किंबहुना स्वस्त व्हिस्की अशीच प्यायली जाते. पण मग पाचशे रुपये जास्त मोजून वरची बाटली का घ्यायची, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तुम्ही सोड्यातच पिणार असाल तर तुलनाही सोड्यातच करा.

नीट तुलना करायची तर जेवणाआधी, अत्तर न लावता, खोलीच्या तापमानाला. एकसारखे छोटे ग्लास घ्या. तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर वास वर गोळा होतो. व्यावसायिक ट्युलिपच्या आकाराचा ग्लास वापरतात, घरी छोटा वाइनचा ग्लास चालतो. प्रत्येकात १५ मिली पुरे. तीन किंवा चार नमुन्यांच्या पुढे जाऊ नका, कारण नाक त्याआधीच थकतं.

आधी नुसता वास. नाक एकदम ग्लासात खुपसू नका, अल्कोहोलच्या झोताने ते बधिर होईल. तोंड किंचित उघडं ठेवून लांबून हुंगा. मग पाणी घाला. दारूची मिश्रणं तयार करणारे तज्ज्ञ वास घेताना तीव्रता साधारण २० टक्क्यांपर्यंत उतरवतात. आपल्या १५ मिलीसाठी ते म्हणजे जवळजवळ तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी. सगळ्या ग्लासांत पाणी अगदी सारखं. स्वस्त व्हिस्कीचं खरं रूप इथेच बाहेर येतं. मुरलेल्या दारूत पाण्याने नवे वास उघडतात. इसेन्सच्या दारूत बऱ्याचदा एकच गोड वास राहतो आणि घोट घेतल्यावर मागे काहीच उरत नाही.

वासांना नावं द्यायला इंग्रजी पुस्तकातली हेदर आणि टॉफी कशाला हवी? आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे. व्हॅनिला कस्टर्डसारखा वास ओकच्या लाकडातून येतो. खोबऱ्याचा वासही लाकडाचाच, अमेरिकन ओकमध्ये तो जास्त असतो. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो तेच संयुग भाजलेल्या ओकमध्ये तयार होतं. पिकलेल्या केळ्याचा वास आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरचा. मनुका, खजूर असं काही वाटलं तर शेरी वाइनच्या जुन्या पिंपांचा परिणाम असू शकतो. धूर आणि जखमेवर लावायच्या टिंक्चरसारखा वास पीटचा. पीट म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजलेली वनस्पती-माती, तिच्या धुरावर माल्ट वाळवतात. टीचर्समध्ये हा धूर सहज सापडतो, कारण तिच्यात आर्डमोर डिस्टिलरीची धुरकट माल्ट आहे. म्हणून ती शेवटी चाखा, नाहीतर पुढचं सगळं धुरकटच लागेल. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका, ओल्या पुठ्ठ्याचा वास किंवा कफ सिरपसारखा चिकट गोडवा हे वजा बाजूचे गुण.

घोट घेतला की तो जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळल्यावर (किंवा थुंकल्यावर, परीक्षक थुंकतातच) चव किती वेळ रेंगाळते ते मोजा. माझ्या मते या किमतीच्या व्हिस्कीत हीच सर्वांत उपयोगी कसोटी आहे. वास इसेन्सने आणता येतो, गोडवा साखरेने येतो, पण रेंगाळणारी चव तशी सहज आणता येत नाही.

डोळे झाकून खरं कळतं का?

आपल्याला आवडतं ते बऱ्याचदा लेबल असतं. हे तपासायची सोपी रीत म्हणजे त्रिकोण चाचणी, खाद्यपदार्थांच्या उद्योगात ती नेहमी वापरतात. दुसऱ्या कुणालातरी तीन ग्लास भरायला सांगा : दोनांत एक ब्रँड, तिसऱ्यात दुसरा. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने एकदा बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, सलग तीनदा बरोबर येण्याची सत्तावीसात एक. एका दिवसात तीन फेऱ्या करायच्या नाहीत हे ओघानेच आलं, वेगवेगळ्या दिवशी करा. ज्यांच्यात तुम्हाला फरकच ओळखू येत नाही, त्यांतली स्वस्त बाटली घ्या. तुलना शक्यतो एकाच गटात करावी. धान्य-स्पिरिटच्या व्हिस्कीला स्कॉचपुढे बसवून हरवण्यात काही शिकायला मिळत नाही.

बाटली हलवून फेस बघणारे पुष्कळ भेटतात. फेसाचे थेंब टिकतात ते अल्कोहोलच्या तीव्रतेवर, दर्जा किंवा अस्सलपणा त्यातून कळत नाही. "स्वस्तातली घेतली म्हणून डोकं धरलं" हेही असंच. ज्या उपघटकांमुळे हँगओव्हर वाढतो ते पिंपात मुरलेल्या गडद दारूत जास्त असतात, अतिशुद्ध न्यूट्रल स्पिरिटमध्ये उलट कमी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वोडकापेक्षा बर्बन प्यायलेल्यांना हँगओव्हर जास्त जाणवला होता. डोकं धरण्याचं मुख्य कारण मात्र किती प्यायलात हेच.

त्याचाही हिशोब सोपा आहे. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, ६० मध्ये २० आणि क्वार्टरमध्ये ६० च्या वर. बाटली स्कॉचची आहे की मळीच्या स्पिरिटची याने या आकड्यात काही फरक पडत नाही. अल्कोहोल १९८८ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे आणि प्रकृतीला अजिबात धोका नाही असं त्याचं कोणतंही प्रमाण सांगता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, ती फारच लवकर ओलांडली जाते. आणि महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय २५ पूर्ण हवं, शिवाय मद्यसेवन परवानाही हवा. हा परवाना असतो हेच अनेकांना माहीत नसतं.

जिभेला न कळणारी गोष्ट

चाखून सगळं कळतं असं मानणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. विषारी दारूत जीव घेतो तो मिथेनॉल. त्याचा वास आणि चव साध्या अल्कोहोलसारखीच असते, त्यामुळे कितीही तयारीच्या जिभेला तो पकडता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला हातभट्टीची दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. नामांकित ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत दुसरीच दारू भरून विकण्याचे प्रकारही वारंवार उघडकीस येतात. म्हणून परवानाधारक दुकानातूनच घ्यावी, झाकणाचं सील आणि त्यावरचा उत्पादन शुल्काचा शिक्का शाबूत आहे का ते पाहावं, आणि रिकामी बाटली भंगारात देण्याआधी निदान लेबल फाडून टाकावं.

मिथेनॉलची लक्षणं बऱ्याचदा लगेच दिसत नाहीत, १२ ते २४ तासही जातात. डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं अंधूक दिसणं, पोटात जोरात दुखणं, उलट्या, धाप लागणं यांतलं काही जाणवलं, तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून थांबू नये. यावर उतारा देणारी औषधं आणि डायलिसिस रुग्णालयात उपलब्ध असतं, आणि वेळेत पोहोचलं तर जीव आणि डोळे दोन्ही वाचू शकतात. सोबत बसलेल्या बाकीच्यांनाही, त्यांना अजून काही होत नसलं तरी, तपासणीला न्यावं.